दातांची रंगसफेदी

दिवाळीच्या आधी घराला चुना लावायची आपल्याकडे रीत आहे, आणि आमच्या घुग्घुससारख्या गावात ही रीत म्हणजे दरवर्षी हरण्यासाठीच लढायची लढाई आहे. एका अंगाला कोळशाच्या खाणी, दुसऱ्या अंगाला सिमेंटचा कारखाना, तिसऱ्या अंगाला लोखंडाचा. वसुबारसेला पांढरीशुभ्र झालेली भिंत तुळशीच्या लग्नाला राखी होते आणि संक्रांतीला तिच्यावर बोटाने नाव लिहिता येते. तरीही लोक चुना लावतात, आणि ते योग्यच करतात. भिंत चुना लावण्यासाठीच असते. माझे भांडण आहे ते त्या कुंचल्याशी, जो अलीकडे भिंतीवरून उतरून माणसांच्या तोंडात शिरला आहे.

तुळशीचे लग्न लागले की माणसांच्या लग्नांना वाट मोकळी होते. म्हणून भाऊबीज आटोपते न आटोपते तोच उपवर मुलीच्या घरी फोटोची घाई सुरू होते. फोटो म्हटला की हसणे आले, आणि हसणे म्हटले की दात आले. फोटोवाला म्हणतो, ‘जरा मोकळं हसा’. मुलगी आणखीच ओठ आवळते. कारण आपल्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत हे तिला ठाऊक असते. मागल्या खेपेला पाहायला आलेली मंडळी चहापोहे खाऊन उठताना दाराशी कुजबुजलेली असतात, ‘पोरगी चांगली आहे हो, पण खर्रा खाते वाटते!’ आणि त्या पोरीने जन्मात सुपारीचे खांड तोंडात धरलेले नसते.

मग घरात दोन पक्ष पडतात. एक घरगुती पक्ष. त्याच्या पुढारी मावशी. ‘लिंबू अन् मीठ घास ना बाई, पांढरे फट्ट होतेत दात!’ या पक्षाच्या जाहीरनाम्यात लिंबू, मीठ, खायचा सोडा, केळीच्या सालीची आतली बाजू, हळद, खोबरेल आणि चुलीतला कोळसा एवढ्या वस्तू येतात. घरातल्या तरुण सभासदांनी त्यात मोबाईलवरून मागवलेली निळ्या दिव्याची पेटी घातली आहे. दुसरा दवाखान्याचा पक्ष. त्याचा पुढारी थोरला भाऊ. ‘चंद्रपूर काय दूर आहे? पंचवीसेक किलोमीटर. सकाळी जाऊ, तासाभरात काम होते, दुपारी पांढरे दात घेऊन घरी.’ मावशी विचारतात, पैसे किती? भाऊ सांगतो, काही हजार. मावशी म्हणतात, बाप्पा! आणि भांडण सुरू होते.

या भांडणात कोण बरोबर, असे मला विचाराल तर मी दोघांनाही बाहेर काढीन. दोघे एकच गोष्ट विसरले आहेत. दात पांढरा कसा करायचा याची चर्चा दोघे तावातावाने करतात. तो असा झाला कशाने, हे कुणीच विचारत नाही. ओल आलेल्या भिंतीला चुना लावण्यापूर्वी गवंडीसुद्धा विचारतो, ओल कुठून येते? गवंड्याला जे कळते ते दाताच्या बाबतीत आपल्याला कळू नये?

आधी घरगुती पक्षाचा समाचार घेतो, कारण त्याचे अनुयायी जास्त आहेत. या पक्षाची मूळ समजूत अशी की दात हा मुळात पांढरा असतो आणि वरून मळतो. तेव्हा घासा, तो निघेल. समजूत सोपी आहे आणि साफ चुकीची आहे. दाताचे वरचे कवच, ज्याला एनॅमल म्हणतात, ते अर्धपारदर्शक असते. त्याच्या आतला डेंटिनचा थर जात्याच पिवळसर असतो. आपल्याला दाताचा जो रंग दिसतो तो बराचसा आतून येणारा असतो, काचेतून पडदा दिसावा तसा. आता या काचेला रोज कोळशाने घासले तर काय होईल? काच पातळ होईल आणि पडदा अधिकच दिसेल. म्हणजे दात पांढरे व्हावेत म्हणून जितके घासाल तितके ते दोन-चार वर्षांत अधिक पिवळे होतील, आणि वर थंड पाण्याने ठणकतील ते निराळे. वय वाढले की दात पिवळे दिसतात त्याचेही हेच कारण. कवच झिजत जाते. मावशींचा नुस्खा पंचविशीच्या मुलीच्या दातांना पन्नाशीचे करण्याचा आहे.

लिंबाची गोष्ट याहून वाईट. आम्लता मोजण्याचे एक माप आहे. त्यात शुद्ध पाण्याचा अंक ७, आणि अंक जितका खाली तितके आम्ल कडक. ५.५ च्या खाली एनॅमल विरघळू लागते. लिंबाच्या रसाचा अंक २ ते २.५ च्या आसपास असतो. शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ म्हणून ज्याची ख्याती त्या एनॅमलला लिंबू मऊ करते, आणि मऊ झालेल्या त्या पृष्ठभागावर आपण मिठाचे खडे घासतो. पहिल्या दिवशी दात चकचकीत दिसतात, कारण वरचा थर गेलेला असतो. गेलेला थर परत येत नाही. हाड मोडले तर जुळते, कातडे सोलले तर भरून येते. एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंतच असतात, नंतर त्या नाहीशा होतात. जन्मभराचा साठा एकदाच मिळालेला. लोणच्यातले लिंबू आणि सरबतातले लिंबू यांच्याशी माझे वैर नाही. दातांवर चोळलेल्या लिंबाशी आहे.

कोळशाबद्दल तर घुग्घुसच्या माणसाने बोलावे की हसावे? जे गाव रोज सकाळी अंगणातली काळी धूळ झाडून काढते, ज्या गावातली धुणी वाळत घालताना बायका वारा कुठला आहे ते पाहतात, त्याच गावातल्या दुकानात कोळसा घातलेली टूथपेस्ट चांगल्या चढ्या भावाने विकली जाते आणि आम्ही ती विकत घेतो! आजोबांच्या काळची राखुंडी आणि माकडछाप काळी पावडर निदान स्वस्त तरी होती. २०१७ साली अमेरिकन दंतवैद्यक संघटनेच्या मासिकात कोळशाच्या दंतमंजनांवरच्या उपलब्ध अभ्यासांचा आढावा आला. ती सुरक्षित आणि गुणकारी आहेत असे म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. कोळशाची भुकटी वरवरचा डाग खरवडते, हे खरे. सोबत काय काय खरवडते, हे डब्यावर लिहिलेले नसते.

खायच्या सोड्याला मात्र मी या रांगेतून बाहेर काढतो. तो नरम आहे, आम्ल मारतो, आणि चहाचा वरवरचा डाग थोडाफार काढतो. आतल्या रंगाला तो हात लावू शकत नाही. गरीब, निरुपद्रवी आणि आवाक्याबाहेरची कामे अंगावर न घेणारा असा हा गृहस्थ आहे. लोक त्यात लिंबू पिळून त्याची अब्रू घालवतात. (शिवाय सोडा आणि लिंबू एकत्र केले की दोघेही एकमेकांना मारतात आणि फेसाखेरीज हाती फारसे काही लागत नाही, हे शाळेत शिकलेले आपण न्हाणीघरात विसरतो.)

राहिली मोबाईलवरून आलेली पेटी. तिच्यात एक रबरी साचा असतो, जो सगळ्यांच्या जबड्याला बसतो असे सांगतात, म्हणजे कुणाच्याच नीट बसत नाही. त्यातले औषध हिरड्यांवर ओघळते. आणि निळा दिवा. या दिव्याचे मला कौतुक वाटते. देवळात समई असते म्हणून गाभारा पवित्र वाटतो, तसा हा दिवा असतो म्हणून पेटी शास्त्रीय वाटते.

आता दवाखान्याचा पक्ष. याच्या बाजूने रसायनशास्त्र आहे, हे आधी कबूल केले पाहिजे. दाताचा आतला रंग खरोखर बदलायचा तर आजमितीला विश्वासाचे एकच साधन आहे: हायड्रोजन पेरॉक्साइड, किंवा त्याला आपल्या पोटातून सोडणारे कार्बामाइड पेरॉक्साइड. ते एनॅमलमधून आत झिरपते, तिथे त्याचा ऑक्सिजन सुटतो आणि रंग धरून बसलेले मोठे रेणू फोडून टाकतो. खरवडणे नाही, घासणे नाही. दवाखान्यात खुर्चीत बसवून जे करतात त्यात हे औषध २५ ते ४० टक्के इतके तीव्र असते. एवढे तीव्र औषध हिरडीला लागले तर ती पांढरी पडून भाजते. म्हणून डॉक्टर आधी हिरड्यांवर संरक्षक लेप घट्ट बसवतो. हे काम जाणकार हातांचेच आहे. रंगरूपाच्या दुकानात केस कापता कापता हेही करून देतो म्हणणारे निघाले आहेत, त्यांना १९४८ चा दंतवैद्यक कायदा ठाऊक नसावा. दातांवर उपचार करायचे तर नोंदणी लागते. इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्टच सांगितले की दात पांढरे करणे हा दंतवैद्यकीचाच भाग आहे.

पण तासाभरात पांढरे दात घेऊन घरी येऊ म्हणणाऱ्या थोरल्या भावाला कुणी हे सांगत नाही की त्या दिवशी दिसणारा पांढरेपणा पुरता खरा नसतो. तोंड तासभर उघडे आणि कोरडे राहिल्याने दातातले पाणी उडालेले असते, आणि कोरडा दात अधिक पांढरा दिसतो. दोन-चार दिवसांत लाळ आपले काम करते आणि रंग थोडा मागे येतो. एका बैठकीवर भागत नाही, दुसरी लागते, कधी तिसरी. त्या रात्री दातांतून कळा निघतात त्या एक-दोन दिवसांत थांबतात, पण निघतात. खुर्चीवरच्या झगझगीत दिव्याबद्दलही बरेच अभ्यास झाले आहेत, आणि टिकाऊ फरक पाडण्यात त्याचा वाटा नगण्य दिसतो. म्हणजे पेटीतला दिवा काय आणि दवाखान्यातला दिवा काय, दोघे एकाच कुळातले. आणि युरोपचे लोक पाहा: तिथल्या संघाने २०१२ पासून ६ टक्क्यांहून अधिक हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली दात पांढरे करण्याची प्रसाधने बंदच केली आहेत, ०.१ ते ६ टक्क्यांपर्यंतची फक्त दंतवैद्याला विकता येतात, पहिला वापर त्याच्या देखरेखीखाली व्हावा लागतो, आणि अठरा वर्षांखालच्यांना ती द्यायचीच नाहीत.

गंमत अशी की या दोन पक्षांच्या मधोमध एक तिसरी वाट गेली पन्नास-साठ वर्षे उघडी आहे आणि तिच्यावर गर्दी नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या अर्कान्सास राज्यात एका दंतवैद्याने एका मुलाच्या सुजलेल्या हिरड्यांसाठी जंतुनाशक औषध दिले, आणि ते दात सरळ ठेवण्याच्या साच्यात भरून रात्री लावायला सांगितले. हिरड्या बऱ्या झाल्या. शिवाय दात पांढरे झाले, जे कुणी मागितलेच नव्हते! त्या औषधात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड होते. हेवूड आणि हेमन या दोघांनी १९८९ साली ही पद्धत रीतसर प्रसिद्ध केली. डॉक्टर तुमच्या दातांचे माप घेतो, तुमच्याच जबड्याचा पातळ साचा करतो, औषध देतो, आणि तुम्ही घरी, रात्री झोपताना, दोन-तीन आठवडे ते लावता. १० टक्के कार्बामाइड म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडच्या हिशेबात जेमतेम साडेतीन टक्के. खुर्चीतल्या औषधाच्या दहाव्या हिश्श्याइतके सौम्य, आणि तरी अखेरीस येणारा रंग तोच. फरक एवढाच की इथे धीर लागतो. दात ठणकले तर एक रात्र सोडायची. मला कुणी विचारले तर मी हीच वाट सांगतो: साचा दवाखान्याचा, रात्री घरच्या. मावशीही खूश, भाऊही खूश. पण या वाटेवर झगमगाट नाही, एका तासाचे वचन नाही, आणि बरेच दिवस पुरणारा साचा एकदा करून दिला की गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येत नाही. म्हणून फलकावर ती मोठ्या अक्षरांत लिहिलेली दिसत नाही.

मात्र या वाटेलासुद्धा पहिली पायरी तीच: दात असा का झाला? आणि इथेच घुग्घुसचे दात अमेरिकेच्या दातांपेक्षा वेगळे होतात.

आमच्याकडे डाग मुख्यतः दोन घराण्यांचे. पहिले घराणे खर्ऱ्याचे. नागपूर, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून जी पुडी तयार होते तिची ओळख इथल्या वाचकांना करून द्यायला नको. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. खर्रा घोटणारे हात थांबले नाहीत. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ चालू झाले, ते दारू आणि तंबाखू या जोडगोळीविरुद्धच. छत्तीसगडकडून खाणीत कामाला आलेल्या कुटुंबांनी सोबत गुडाखू आणले, ते तर दात घासण्याच्याच मिषाने तंबाखू लावायचे साधन. आणि आपल्याकडच्या मशेरीला तरी दुसरे काय नाव द्यावे? दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ साली मनाई केली आहे, पण घरी तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोणता कायदा धरणार?

या घराण्याचा डाग बाहेरून बसतो. त्याला पेरॉक्साइड लागतच नाही. दवाखान्यात दात साफ करून घासून चकचकीत केले की बराचसा निघतो, पैसेही थोडे लागतात. पण खरा मुद्दा हा नाहीच. खर्रा खाणारा जेव्हा त्या खुर्चीत बसतो तेव्हा चांगला डॉक्टर रंगाकडे नंतर पाहतो. आधी म्हणतो, ‘तोंड उघडा. आणखी उघडा.’ आणि तीन बोटे उभी आत जातात का ते पाहतो. सुपारीने गालाच्या आतली कातडी दोरखंडासारखी ताठ होत जाते, तोंड उघडेनासे होते, तिखट लागले की आग होते, आणि त्यातूनच पुढे काहींना कर्करोग होतो. न्हाणीघरातले लिंबू हे पाहू शकत नाही. पेटीतला निळा दिवा गालात उजेड पाडतो, पण पाहणारा डोळा त्याला नसतो. दवाखान्याच्या बाजूने माझे मत जे पडते ते पांढरेपणासाठी नाही, या तीन बोटांसाठी. आणि म्हणूनच जो डॉक्टर गालाच्या आत न डोकावता थेट रंगाचा तक्ता हातात देतो, त्याने कितीही शिक्षण घेतले असले तरी तो माझ्या लेखी घरगुती पक्षाचाच सभासद आहे. फक्त त्याचे लिंबू महाग आहे.

दुसरे घराणे पाण्याचे. फोटोत ओठ मिटणाऱ्या त्या मुलीचे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा, राजुरा, कोरपना अशा तालुक्यांत, आणि वर्धा नदी ओलांडून पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात, कित्येक गावांच्या बोअरवेलमध्ये फ्लोराइड प्रमाणाबाहेर आहे. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅम इष्ट; दुसरे पाणी नसेलच तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचे. त्याहून जास्त असलेले पाणी लहान मूल रोज प्याले की त्याच्या हिरडीखाली घडत असलेले कायमचे दात डागाळूनच घडतात. आधी खडूसारखे पांढरे ठिपके, मग पट्टे, मग तपकिरी डाग. हा डाग बाहेरून बसत नाही. तो कवचाच्या विणीतच असतो. पुढच्या दातांचे मुकुट चार-पाच वर्षांच्या वयापर्यंत घडून पुरे होतात. बाविसाव्या वर्षी पाहुण्यांना जो डाग दिसतो तो मुलगी अंगणवाडीत जात होती तेव्हा पडलेला असतो, आणि ज्या पाण्याने पडला ते आईबापांनी भरलेले असते. मुलीचा त्यात काडीचा संबंध नाही.

हे जगात पहिल्यांदा कसे उमगले ती हकिगत खाणीच्या गावातल्या माणसांनी वाचावी अशी आहे. १९०१ साली फ्रेडरिक मकाय नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी आला आणि तिथल्या मुलांचे चॉकलेटी दात पाहून चक्रावला. लोक म्हणत, डुकराचे मांस खातात म्हणून. कुणी म्हणे, दुधामुळे. मकायने तीस वर्षे हा प्रश्न सोडला नाही. फिरत फिरत तो अर्कान्सासमधल्या बॉक्साइट नावाच्या गावी पोचला. ते अॅल्युमिनियम कंपनीने वसवलेले खाणकामगारांचे गाव, आपल्या कॉलन्यांसारखेच. तिथे १९०९ साली पाणीपुरवठा बदलून खोल विहिरींचे पाणी सुरू केले होते. त्यानंतर त्या पाण्यावर वाढलेल्या मुलांचे दात डागाळलेले होते, आधी वाढलेल्यांचे स्वच्छ. पाच मैलांवरच्या दुसऱ्या गावात कुणालाच डाग नव्हते. कंपनीला धास्ती पडली की लोक अॅल्युमिनियमला दोष देतील. तिचा प्रमुख रसायनशास्त्रज्ञ चर्चिल याने १९३१ साली पाणी कसोशीने तपासले, आणि त्यात सापडले फ्लोराइड. ज्या अर्कान्सासने पुढे रात्रीचा साचा दिला त्याच अर्कान्सासने आधी हा धडा दिला होता. आपल्या देशात १९३७ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यात हेच दुखणे नोंदले गेले. इतक्या वर्षांनंतरही आमच्याकडे वरपक्षाचे निदान काय? ‘खर्रा खाते वाटते.’ डुकराच्या मांसापासून आपण फार पुढे आलो नाही.

अशा दाताला लिंबू-मीठ घासणे म्हणजे आधीच कमकुवत विणलेल्या कवचाला दगडावर आपटणे. आणि तासाभराची बैठकही इथे फसते: पहिल्या झटक्यात तपकिरी भाग थोडा उजळतो, पण खडूसारखे ठिपके आणखीच उठून दिसतात, आणि मुलगी रडत घरी येते. जाणता डॉक्टर आधी अगदी पातळ पापुद्रा मोजूनमापून झिजवतो, मग सौम्य औषधाचा साचा बरेच आठवडे देतो, कधी ठिपक्यांत राळ भरतो, आणि डाग फार खोल असतील तर सरळ सांगतो की पुरते जाणार नाहीत. हे सांगणारा डॉक्टर मिळाला तर त्याला सोडू नका. एकच दात काळवंडला असेल, लहानपणी सायकलवरून पडून, तर त्याची नस मेलेली असते. त्याचे काम आतून करावे लागते, वरून लावलेले सगळे फुकट. लहानपणी टेट्रासायक्लिन दिलेल्यांचे राखाडी दात महिनोन्‌महिने घेतात. बसवलेली टोपी आणि भरलेले सिमेंट तर कशानेच रंग बदलत नाहीत. बाजूचे दात उजळतात आणि टोपी तेवढी जुन्या रंगाची राहते.

पांढऱ्या दातांचा हा हट्ट तरी किती जुना? आपल्या पणज्यांच्या पिढीत सुवासिनीचे दात काळे असणे हे शोभेचे मानत. हिराकस आणि हिरड्यासारखी तुरट द्रव्ये घालून केलेले दातवण लावून त्या दात मुद्दाम काळे करीत. जपानात तर लोखंडाच्या पाण्याने दात काळे करण्याची थोरामोठ्यांची चाल १८७० साली सरकारी हुकमाने थांबवावी लागली. आज एखाद्या पणजीला त्या पाहुण्यांसमोर बसवले असते तर त्यांनी तिला काय म्हटले असते कोण जाणे. तिने मात्र त्यांच्या चकचकीत दातांकडे पाहून ‘हे काय, विधवेसारखे!’ असे म्हटले असते असा मला दाट संशय आहे.

तेव्हा ज्याला हौस आहे त्याने दात पांढरे करावेत. हौसेला माझा विरोध नाही, आणि अठरा वर्षांच्या पुढच्या धडधाकट माणसाने डॉक्टरकडून साचा करून घेतला तर त्यात बिघडण्यासारखे फारसे नाही. माझा राग आहे तो त्या मुलीवर ही हौस सक्तीने लादली जाते त्यावर. आणि त्याहून जास्त एका गोष्टीवर. ज्या घरात एक मुलगी उपवर असते त्याच घरात पुष्कळदा थोरल्या सुनेचे तीन वर्षांचे पोर अंगणात खेळत असते आणि त्याच बोअरवेलचे पाणी पीत असते. मुलीच्या दातांसाठी काही हजार मोजायला निघालेल्या त्या घरात या पोराचे पाणी कुणी तपासलेले नसते. वीस वर्षांनी पुन्हा तेच ओठ मिटणे, तेच लिंबू, तीच चंद्रपूरची फेरी.

पाणी उकळून हा दोष जात नाही. उलट पाणी आटते आणि फ्लोराइड तेवढेच राहते. कापडाने गाळून किंवा साध्या मेणबत्तीच्या फिल्टरनेही जात नाही. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने १९७० च्या दशकात तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची पद्धत काढली. तिला नालगोंडा पद्धत म्हणतात, आणि ती घरच्या बादलीतही करता येते, मात्र तुरटीचे प्रमाण पाणी तपासल्यावरच ठरते. गावात नळाचे नदीचे पाणी येत असेल तर पिण्याला आणि स्वयंपाकाला तेच घ्यावे, बोअरचे पाणी धुण्याभांड्याला. आठ वर्षांच्या आतल्या मुलांसाठी तर हे आजच, फराळाची भांडी घासून व्हायच्या आधी, ठरवावे.

तपासणी जिल्ह्याला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते. फोटोवाल्याकडे जाण्याच्या दिवशीच जाता येईल. बोअर आधी चार-पाच मिनिटे चालू द्यावा, मग लिटरभर पाणी भरावे, वर गावाचे नाव आणि तारीख लिहावी. बाटली स्वच्छ धुतलेली प्लास्टिकची असावी. फ्लोराइडच्या नमुन्याला काचेची चालत नाही.